सात, साठ की आठ? कमी ऐकू येत असताना मशीन आणि फोन कामाला कसे लावायचे

सात, साठ आणि आठ हे तीन शब्द मला कित्येक वर्षं एकच वाटत आलेत. त्यातला ‘आ’ लख्ख ऐकू येतो, आजूबाजूचं गळून जातं. एकदा ‘आठला ये’ हे मी ‘सातला ये’ असं ऐकलं आणि बंद दारासमोर तासभर उभा राहिलो. खरं तर ऐकतानाच शंका आली होती. पण विचारलं नाही, मान डोलावून ‘हो हो’ म्हटलं आणि निघालो. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना हे ‘हो हो’ चांगलंच ओळखीचं असणार. ते कमी करायला मला ज्या गोष्टींचा उपयोग झाला, त्या इथे क्रमाने मांडतो.

1. आधी तपासणी, आणि तो कागद वाचायला शिका

एक गोष्ट सगळ्यात आधी. एका कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. अशा वेळी स्टेरॉइडचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितका ऐकणं परत येण्याचा संभव जास्त. ‘सर्दीमुळे दडा बसला असेल’ म्हणून आठवडा काढू नका.

हळूहळू कमी होत आलेलं असेल तर आधी कानात मळ आहे का ते बघून घ्यायचं, मग ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं मोजणाऱ्या तज्ज्ञाकडे तपासणी. तिथे हातात पडणारा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. बरेच जण तो फाइलमध्ये घालून विसरतात. तसं करू नका, तो वाचणं अवघड नाही. डावीकडून उजवीकडे आवाजाची पट्टी असते, साधारण 250 हर्ट्झपासून 8000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे जाड्या आवाजाकडून बारीक आवाजाकडे. वरून खाली डेसिबल वाढत जातात. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. खुणा वरच्या 20 डेसिबलच्या आत असतील तर ऐकणं ठीक. जितक्या खाली, तितकं कमी.

वयानुसार ऐकू येणं कमी झालेल्यांची रेघ बहुधा उजवीकडे घसरत जाते. माझीही तशीच आहे आणि ‘सात-साठ-आठ’चं कोडं तिथेच सुटलं. आ, ओ, ऊ हे स्वर जाडे आणि जोरकस, ते डावीकडे बसतात. स, श, त, ठ, फ ही व्यंजनं बारीक आणि दुबळी, ती उजवीकडे. म्हणून ‘ऐकू येतं पण कळत नाही’ ही तक्रार अगदी खरी असते. समोरचा ओरडला की ‘आ’ आणखी मोठा होतो, पण ‘स’ आहे तिथेच राहतो.

आलेखाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. पुढच्या तपासणीला तुलना करता येते, आणि काही फोनमध्ये त्यावरून हेडफोनचा आवाज तुमच्या कानाप्रमाणे बेतताही येतो. तपासणीला जायचाच संकोच असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचं ‘हिअर-डब्ल्यूएचओ’ नावाचं मोफत ॲप आहे. गोंगाटात बोललेले आकडे ओळखायचे आणि गुण बघायचे. तपासणीची जागा ते घेत नाही, पण जायला हवं की नको हे सांगतं.

2. मशीन अंगवळणी पाडा

मशीन म्हणजे कानात घालायचं श्रवणयंत्र. ते चष्म्यासारखं नसतं. चष्मा घातला की अक्षरं दिसतात, मशीन घातल्यावर आधी नुसता कलकलाट होतो. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी दचकायला होतं आणि स्वतःचा आवाज पिंपातून आल्यासारखा वाटतो. मेंदू ते बारीक आवाज विसरलेला असतो, त्याला ते पुन्हा ओळखीचे व्हायला काही आठवडे जातात. पहिल्या दिवसापासून गर्दीत जाऊ नका. शांत खोलीत एका माणसाशी बोलण्यापासून सुरुवात करा आणि रोज थोडा वेळ वाढवत न्या. मशीन डबीत ठेवून ‘काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांपैकी अनेक जण नेमके याच आठवड्यांत थांबलेले असतात.

त्या काळात एक वही जवळ ठेवा. ‘भांड्यांचा आवाज टोचतो’, ‘नातवाचं कळत नाही’, ‘जेवताना शिट्टी वाजते’ असं जे होईल ते लिहा आणि ट्यूनिंगच्या वेळी वाचून दाखवा. ‘बरं वाटत नाही’ एवढ्यावरून तंत्रज्ञाला काही बदलता येत नाही. शिट्टी वाजत असेल तर बहुतेकदा मोल्ड (कानाच्या मापाने बनवलेला साचा) किंवा मशीनच्या टोकाची रबरी टोपी कानात नीट बसलेली नसते, बाहेर गळलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. कानात मळ असला तरी हेच होतं.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: ब्लूटूथने फोनला जोडता येतं का, आणि आत टेलिकॉइल आहे का. टेलिकॉइल म्हणजे तारेचं एक छोटं वेटोळं. ज्या सभागृहात, प्रार्थनास्थळात किंवा तिकीट खिडकीवर लूप, म्हणजे त्यासाठीची तार, बसवलेली असते तिथे ते माइकचा आवाज थेट कानात आणतं, मधला गोंगाट येत नाही. कानाचं चित्र आणि शेजारी ‘टी’ अक्षर दिसलं की तिथे लूप आहे असं समजायचं. नवीन सोयींमध्ये ऑराकास्ट आहे, तेच काम ब्लूटूथवर करणारं, पण ते अजून सगळीकडे पोहोचलेलं नाही.

सेलचं मशीन असेल तर सेलवरचा रंगीत कागद काढल्यावर एक-दोन मिनिटं थांबून मग सेल आत घाला. तो हवेतल्या ऑक्सिजनवर चालतो, त्याला जागं व्हायला तेवढा वेळ लागतो. कागद एकदा काढला की सेल उतरायला सुरुवात होते, परत चिकटवून फारसं काही वाचत नाही.

ऐकणं अगदी थोडंसं कमी असेल तर मशीनच्या आधीची एक पायरी आता निघाली आहे. 2024 पासून काही देशांत ॲपलचे एअरपॉड्स प्रो 2 सौम्य ते मध्यम कमी ऐकू येणाऱ्या प्रौढांसाठी श्रवणयंत्रासारखे वापरता येतात. तीव्र बहिरेपणात त्यांचा उपयोग नाही.

3. अंतर आणि उजेड

हा मुद्दा कुणी विकत नाही, म्हणून कुणी सांगतही नाही. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे चार हातांवरून दोन हातांवर या, 6 डेसिबल फुकट मिळाले. मागून येणाऱ्या गोंगाटात एवढ्या फरकानेही वाक्य हाताला लागतं. बसताना पाठीमागे भिंत असू द्या, आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत.

ओठांवरही फार विसंबू नका. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘पाय’, ‘बाय’, ‘माय’ म्हणून बघा. तिन्ही एकसारखे दिसतात. मात्र कान आणि ओठ दोन्हींकडून थोडं थोडं मिळालं की शब्द पुरा होतो.

ज्यांना वर्गात किंवा सभेत बसावं लागतं त्यांनी दूरचा माइक वापरून बघावा. वक्त्याच्या कॉलरला छोटा माइक लावायचा, आवाज थेट तुमच्या मशीनमध्ये येतो. आयफोनमध्ये ‘लाइव्ह लिसन’ आहे, फोन टेबलावर वक्त्याजवळ ठेवला की तोच माइक होतो.

4. बोललेलं वाचायचं

माझ्यासाठी खरा फरक इथे पडला. अँड्रॉइड फोनवर गूगलचं ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ नावाचं ॲप आहे. 2019 मध्ये ते आलं, आणि ते तयार करताना बहिऱ्या विद्यार्थ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गॅलॉडेट विद्यापीठाची मदत घेतली होती. समोरचा बोलतो आणि पडद्यावर अक्षरं उमटत जातात. मराठीही चालते.

चालू कसं करायचं? फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा, तिथे ते सापडेल. नसेल तर प्ले स्टोअरमधून घ्या. माइकची परवानगी द्या. मुख्य भाषा मराठी ठेवा, दुसरी भाषा इंग्रजी किंवा जी लागेल ती, म्हणजे एका बटणात बदलता येते. अक्षरं मोठी करा, इतकी की हातभरावरून वाचता यावीत. मग घरच्यांची आडनावं, गावांची नावं, औषधांची नावं ‘कस्टम शब्दां’मध्ये भरून ठेवा, नाहीतर ॲप त्यांचं काहीतरी भलतंच करतं.

वापरताना फोन स्वतःच्या हातात न धरता बोलणाऱ्याच्या पुढ्यात ठेवा. ही चूक सगळे करतात, मीही केली. फोन माझ्या छातीशी, माणूस टेबलापलीकडे, आणि पडद्यावर शेजारच्या टीव्हीच्या बातम्या. बहुतेक वेळा इंटरनेट चालू लागतं. दोघं एकदम बोलले की गोंधळ होतो, अर्धं वाक्य मराठी आणि अर्धं इंग्रजी आलं तरी अडखळतं. आकडे आले की पडद्यावरही विश्वास ठेवू नका. ‘सात’ला ‘साठ’ करण्यात यंत्रही मागे नाही. वेळ, रक्कम, औषधाची मात्रा समोरच्याकडून लिहूनच घ्या.

आणि विचारून चालू करा. तुमच्यापुढे उघडा फोन बघून समोरच्याला आपलं बोलणं रेकॉर्ड होतंय असं वाटतं. ‘मला कमी ऐकू येतं, यात तुमचं बोलणं लिहून येतं, चालेल ना?’ एवढं पुरतं. आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट लोक सावकाश आणि स्पष्ट बोलायला लागतात, अक्षरं नीट येतात की नाही हे बघायला त्यांनाच गंमत वाटते.

5. फोनवर बोलणं

फोनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची आई आणि पत्नी दोघीही बहिऱ्या होत्या, आणि त्यांचं यंत्र नेमकं ऐकू येणाऱ्यांच्याच कामाचं निघालं. बहिऱ्यांना फोनवर टाइप करून बोलता यावं यासाठी 1964 उजाडावं लागलं. रॉबर्ट वाइटब्रेख्ट या स्वतः बहिऱ्या असलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने तारायंत्रासारखं टाइप करणारं यंत्र साध्या फोनला जोडून दाखवलं.

आता मेसेज आहे, तेव्हा जिथे मेसेजने भागतं तिथे कॉल करू नका. कॉल घ्यावाच लागला तर व्हिडिओ कॉल बरा, ओठ दिसतात. साधाच कॉल असेल तर मशीनला ब्लूटूथने जोडा, किंवा स्पीकर लावून शेजारी दुसऱ्या फोनवर लाइव्ह ट्रान्स्क्राइब चालू ठेवा. एकाच फोनवर हे जमत नाही, कारण कॉल चालू असताना माइक कॉलकडे जातो. कुणी लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला तर हीच दोन फोनांची युक्ती. सगळ्यांना एकदा सांगून ठेवा, ‘मला लिहून पाठवा’. चौघे विसरतील, त्यांना पुन्हा सांगा.

ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये झूम, मीट, टीम्स सगळीकडे कॅप्शन असतात, चालू करायचे. विषयपत्रिका आधी मागून घ्या. काय बोललं जाणार हे माहीत असलं की निम्मं काम तिथेच होतं.

6. नेमकं काय हवं ते सांगा

‘मला कमी ऐकू येतं’ म्हटलं की लोक ओरडतात. त्यांचा दोष नाही, आपण त्यांना काय करायचं ते सांगितलेलंच नसतं. त्यामुळे पुढचं वाक्यही तयार ठेवा: ‘माझ्याकडे तोंड करून बोला’, ‘डाव्या बाजूला या, तो कान बरा आहे’. ‘काय?’ विचारलं की तेच वाक्य तितक्याच वेगाने परत येतं. त्याऐवजी जेवढं कळलं तेवढं म्हणून दाखवा: ‘मंगळवारी यायचं हे कळलं, किती वाजता ते सांगा.’ समोरच्याला एकच शब्द परत सांगावा लागतो, तो वैतागत नाही. आकडा कळत नसेल तर ‘सहानंतर लगेच येणारा का?’ असं विचारावं. सात आणि साठ यांचा घोळ तिथल्या तिथे सुटतो.

एखाद्या संध्याकाळी काहीच कळेनासं होतं. दिवसभर अंदाज बांधून डोकं शिणलेलं असतं. अशा वेळी मशीन काढून तासभर गप्प बसलेलं चांगलं. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटतं तुम्ही रागावलात.

7. रात्रीची सोय

मशीन रात्री डबीत जातं आणि तुम्ही पूर्ण बहिरे होता. याचा विचार बहुतेक घरांत झालेला नसतो. गजरासाठी उशीखाली ठेवायचं थरथरणारं घड्याळ किंवा मनगटावरचं स्मार्टवॉच चालतं. दाराच्या बेलला लखलखणारा दिवा जोडता येतो. फोन दारावरची टकटक, बाळाचं रडणं, अलार्म ओळखून थरथरू शकतो. अँड्रॉइडमध्ये ‘साउंड नोटिफिकेशन्स’, आयफोनमध्ये ‘साउंड रेकग्निशन’ शोधा.

धुराच्या अलार्मसाठी मात्र फोनच्या भरवशावर राहू नका. साध्या अलार्मची किंकाळी 3000 हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे ऑडिओग्रामच्या नेमक्या त्या बाजूला जिथे आपली रेघ खाली गेलेली असते. 520 हर्ट्झचा जाडा आवाज देणारे अलार्म मिळतात, कमी ऐकू येणारे लोक त्याने जास्त जागे होतात असं दिसून आलं आहे. त्याला दिवा आणि पलंग हलवणारं यंत्र जोडलेलं असेल तर आणखी बरं. बसवून झाल्यावर मशीन काढा, आडवे व्हा आणि घरातल्या कुणाला तरी टेस्टचं बटण दाबायला सांगा. मी ते केलं तेव्हा पहिल्यांदा मला काहीच कळलं नाही. अलार्म हॉलमध्ये लावलेला होता, आणि झोपायच्या खोलीचं दार बंद.