गाडी हेलकावते? शॉकअपची खाच फिरवण्याआधी या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं इंदूरहून मोटारसायकलवर ओंकारेश्वरला निघालो होतो. सिमरोल मागे पडलं, भेरूघाट उतरायला लागलो आणि वळणावर हँडल हातातच थरथरू लागलं. बायकोने मागून खांदा घट्ट धरला, ती पकड अजून आठवते. हीच तक्रार घेऊन आठवड्यापूर्वी मी एका गॅरेजात गेलो होतो. तिथे मागचे दोन्ही शॉकअप, म्हणजे धक्के झेलणारे स्प्रिंगचे दांडे, इथल्या बोलीत शॉकर, पाचव्या खाचेवर (स्प्रिंग किती दाबायची ते ठरवणाऱ्या कड्याची पायरी) करून दिले होते. दोष निघाला हँडलच्या कोनसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या गोळ्या-वाट्यांच्या बेअरिंगमध्ये.

खाच वाढवली की स्प्रिंग कडक होते, हा समज फार पसरलाय. स्प्रिंग तीच राहते, फक्त आधीपासून जास्त दाबलेली असते. त्यामुळे गाडी मागून उचलली जाते, वजन पुढे झुकतं आणि वेगात ती आणखी अस्थिर होते. खाच ठरते ओझ्यावर: एकट्याला कमी, डबलसीट आणि सामान असेल तर जास्त. दोन्ही बाजूंना खाच एकच हवी.

सुरुवात हवेपासून करा, आणि टायर थंड असताना. बरंच अंतर चालवून पंपावर गेलात तर आकडा फुगलेला दिसतो. कंपनीने डबलसीटसाठी मागच्या टायरचा आकडा बहुधा वेगळा दिलेला असतो, तोही बघा.

मग कोनसेट. गाडी मेन स्टँडवर लावा, कुणाला तरी मागे बसवा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. आता एका बोटाने हँडल सावकाश डावीउजवीकडे न्या. बरोबर मधोमध ‘टक्’ करून अडकलं, तर गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेत. अशा वेळी नुसता नट आवळून घेऊ नका. अडकणं वाढतं आणि इंदूरच्या राजवाडा भागातल्या गर्दीत हळू चालवतानाही गाडी नागमोडी जाते. सेटच बदला. चिमटा, म्हणजे पुढच्या चाकाला धरणारे दोन पाइप, खालून धरून पुढेमागे हलवल्यावर खडखडला तर कोन सैल आहे, आणि तेवढं आवळून भागू शकतं. मागचं चाक आडवं हललं तर स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश किंवा चाकाचे बेअरिंग बघा. चेन आवळल्यावर मागच्या चाकाच्या दोन्हीकडच्या खुणा जुळल्यात ना, हेही.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच रस्त्यावर फिरून या. मी इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर जातो. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात दाबा. चिमटा एकदाच वर येऊन थांबायला हवा. दोन-तीनदा उसळला तर आतलं तेल थकलंय किंवा गळलंय. पाइपवर तेलाचं ओलं कडं दिसलं तर दोन्ही बाजूंचे ऑइल सील बदला आणि तेल मापाने सारखंच भरा. गळलेलं तेल डिस्कच्या पॅडपर्यंत पोचलं असेल तर पॅड पुसून परत बसवू नका, नवेच घ्या.