पितळी डोमला लॅकर चढवण्याआधी

वाफेच्या रेल्वे इंजिनाच्या मॉडेलवरचा पितळी डोम, म्हणजे बॉयलरवरचा घुमट, चमकत राहावा म्हणून त्यावर लॅकरचा पारदर्शक थर देतात. पहिली तयारी योग्य दिवस निवडण्याची. बडोद्यात लॅकर फवारायचा तर दिवाळी ते उत्तरायण हा काळ धरा. श्रावणात हवेतलं बाष्प ओल्या लॅकरवर बसतं आणि आरशासारखा घासलेला डोम दुधाळ दिसू लागतो.

मग लॅकर कुठे लावायचा नाही, ते ठरवून घ्या. विजेवरच्या मॉडेलच्या चाकांच्या कडा आणि वीज घेणाऱ्या पट्ट्या कागदी टेपने झाका, नाहीतर इंजिन रुळावर जागचं हलणार नाही. खऱ्या वाफेवरचं मॉडेल असेल तर बॉयलरलगतचे तापणारे भागही वगळा. तिथे साधा लॅकर पिवळा पडून सोलवटतो, म्हणून इंजिन थंड झाल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात पुरे. पोलादी दांड्यांना मशीनचं तेल.

घासताना चिंच-लिंबू नको. समईला ते चालतं, पण आंबटाने पितळातलं जस्त निघतं आणि वर तांबूस छटा उरते. बाजारच्या पॉलिशमध्ये बऱ्याचदा अमोनिया असतो. रिव्हेटांच्या कडेला अडकलेला पांढरा गाळ मऊ ब्रशने पूर्ण काढा, तोच पुढे हिरवा होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पॉलिशचा तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा, दर वेळी नवं सुती फडकं घेऊन. ॲसिटोन वापरायचा तर तो भाग सुटा करूनच, कारण तो शेजारचा रंगही उतरवतो. त्यानंतर उघडं बोट लागता कामा नये. डभोईच्या ७६२ मिलिमीटर गेजवरच्या (रुळांमधल्या अंतराच्या) इंजिनाचं माझं मॉडेल मी हातमोजे न घालता एकदाच उचललं. दोन महिन्यांनी लॅकरखाली अंगठ्याचा तपकिरी ठसा उमटला. घामातलं मीठ आत कोंडलं गेलं होतं. सगळा लॅकर उतरवून पुन्हा पहिल्यापासून घासावं लागलं, त्याचं फार वाईट वाटलं. म्हणून सुती हातमोजे आधी हातात घाला, फवारा नंतर. एक जाड थर देऊ नका, दोन पातळ द्या.

काचपेटीही त्याच दिवशी तयार हवी. आत लोकरी कापड किंवा रबर नको, त्यातलं गंधक पितळ आणि चांदी काळवंडवतं. सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात बदलत राहा. खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण हळदकुंकू खालच्या लाकडी पाटावर वाहा. डोमवर ओलं बोट टेकवू नका.