अर्धा इंची एअर गन घेताना आधी पात्यांचं विचारा

गॅरेजसाठी अर्धा इंची इम्पॅक्ट गन, म्हणजे हवेच्या दाबावर ठोके देत नट सोडवणारी-आवळणारी गन, बघायला गेलं की दुकानदार पहिल्यांदा टॉर्कचा, म्हणजे पिळण्याच्या जोराचा, आकडा सांगतो. तो बहुधा नट सोडवतानाचा, क्षणभराचा कमाल आकडा असतो. आवळताना मिळतो तो कमी. मोटारीच्या चाकाचे नट साधारण 90 ते 120 न्यूटन-मीटरवर आवळतात, तेही शेवटी टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोरावर आवळणारा पाना), म्हणून 500 की 800 यावर घासाघीस करू नका. विचारा एवढंच: हिच्या पात्यांचा सेट सुटा मिळतो का?

पाती म्हणजे रोटरच्या, हवेने फिरणाऱ्या आतल्या भागाच्या, खाचांत सरकणाऱ्या पट्ट्या. त्या झिजायच्याच. झिजल्या किंवा चिकटल्या की गन जोर सोडते, किंवा अडून बसते आणि टपली मारली की चालू होते. सेट पूर्ण बदलायचा. जुनी पाती ज्या कडेने बाहेर होती, नवी त्याच कडेने बसवायची. रोटरच्या टोकाला बसणाऱ्या एंड प्लेटवर ओरखडे असतील तर सपाट काचेवर 600 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासता येतात. खोल चर पडला असेल तर प्लेटच बदला.

आता गन हातात घ्या. मागचं झाकण ॲलन बोल्टांनी (डोक्यात षटकोनी खाच असलेल्या) धरलेलं हवं. सुट्या भागांचं नंबर घातलेलं चित्र मागा. बेअरिंग 608 किंवा 6000 अशा प्रमाणित नंबरचं असेल तर कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळेल. सॉकेट बसतो तो चौरस दांडा आडवा हलवून बघा. नव्या गनमध्येच खडखड जाणवली तर दांड्याभोवतीचा बुश (धातूची नळी) ढिला आहे, ती घेऊ नका. ट्विन हॅमर रचना, म्हणजे दांड्यावर ठोके देणारे दोन हातोडे, खोलायला सोपी. फक्त त्यात ग्रीस ठासू नका: हातोडे मोकळे फिरत नाहीत आणि गन नुसती घुरघुरते.

गनवर लिहिलेला हवेचा खप, म्हणजे 4-5 सीएफएम (मिनिटाला घनफूट), थांबून थांबून चालवण्याचा असतो. सलग दाबून धरली तर तो कितीतरी वाढतो. कॉम्प्रेसरचा अंदाज साधारण एका अश्वशक्तीला 90 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाबावर 3-4 सीएफएम. चाकं खोलायला हे भागतं, कारण मधल्या वेळात टाकी भरते. हवेवर चालणारा ग्राइंडर मात्र सलग हवा ओढतो, लहान कॉम्प्रेसरवर तो घेऊ नका.

दाब गन चालू असताना, हवा आत शिरते त्या तोंडाशी मोजा: 90 पीएसआय. पाइप आतून किमान 10 मिमी हवा. जोर कमी वाटतो म्हणून 120 वर नेलं तर हातोडे आणि दांडा लवकर फुटतात. जोर कमी पडण्यामागे बहुधा बारीक कपलिंग, म्हणजे पाइपची जोडणी, असते.

बऱ्याच गना हवेबरोबर येणाऱ्या पाण्याने मरतात. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात टाकीचा ड्रेन रोज संध्याकाळी उघडा, मुख्य लाइनला उतार द्या आणि फांदी पाइपच्या वरच्या अंगाने काढा, म्हणजे साचलेलं पाणी खालीच राहतं. सकाळी हवेच्या तोंडात एअर टूल ऑइलचे, व्हीजी 32 (दाटपणाचा नंबर) चे, 4-5 थेंब सोडा. इंजिन ऑइल दाट, त्याने पाती चिकटतात. आणि रंगाच्या गनची लाइन वेगळी ठेवा, तिथे तेलाचा एक थेंबही रंगावर डाग पाडतो.

ट्रिगर सोडूनही हवा सुसते? थ्रॉटल व्हॉल्व्हची, म्हणजे ट्रिगरने उघडणाऱ्या झडपेची, ओ-रिंग (रबरी कडी) बदला.