टोल्किन वाचून कादंबरी लिहायला बसताय? या चुका टाळा

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही काही जण कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर बसून एकमेकांचं लिखाण ऐकतो. हल्ली फँटसी लिहिणारी पोरं बरीच येतात, त्याचा मला मनापासून आनंद आहे. बहुतेकांनी टोल्किन, म्हणजे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारा इंग्रज लेखक, वाचलेला असतो. पण चुकाही ठरलेल्याच.

पहिली चूक उसन्या नावांची. टोल्किनच्या गोष्टींतले एल्फ, ऑर्क हे जीव आणि झॅरगॉन, एल्डोरिया असली ॲपमधून काढलेली नावं. ॲपमधून नाव काढणं मला अजिबात पटत नाही. टोल्किन ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक होता. फिनिश भाषेच्या नादातून त्याने क्वेन्या ही आपली भाषा घडवली, वेल्शच्या नादातून सिंदारिन, आणि नावं त्या भाषांतून आली. हॉबिटांचा, म्हणजे त्याच्या गोष्टीतल्या बुटक्या लोकांचा, मुलूख तर त्याने बालपणी पाहिलेल्या बर्मिंगहॅमजवळच्या खेड्यावरून रंगवला. आपल्याकडे काय कमी आहे? पंचगंगेच्या चार नद्या डोळ्यांना दिसतात, पाचवी सरस्वती गुप्त मानतात. मरताना कोल्हासुरानं गावाला आपलं नाव मागून घेतलं, अशी कथा आहे. ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फुटताना लहानपणापासून बघणाऱ्या पोरानं ऑर्क का लिहावेत? माझी सवय सांगतो: एसटीच्या पाट्यांवरची गावांची नावं मी वहीत उतरवून ठेवतो आणि मोठ्यानं म्हणून बघतो.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त खटकते. न चालता प्रवास लिहिणं. एका पोरानं चारशे पानांचं बाड आणलं होतं. त्यातला नायक जखमी मित्राला पाठीवर घेऊन भर पावसात एका रात्रीत वीस कोस जातो आणि पहाटे ताजातवाना लढतो. सगळा प्रवास तीन ओळींत. मी म्हटलं, "जुलैत आमच्याबरोबर पन्हाळा ते पावनखिंड चल."

आला. मसाई पठारावर धुकं इतकं दाट, की पुढच्या माणसाची फक्त पिशवी दिसत होती. दुपारी त्याच्या बुटाचा तळ सुटला. सुतळीनं बांधला, तर तासाभरात लाल चिखलानं सुतळीच कापली गेली. मुक्कामाला पोचल्यावर ओल्या नाडीची गाठ त्याला सुटेना, बोटं वळतच नव्हती. शेवटी दातांनी सोडवली. मग म्हणाला, "सर, माझा नायक पाचव्या कोसालाच बसणार." परत आल्यावर त्याने त्या तीन ओळींची अकरा पानं केली. त्यात नायक तलवार उपसायला जातो आणि त्याची मूठच मिटत नाही. आख्ख्या बाडातलं ते पहिलं खरं पान होतं.

टोल्किननं हेच केलं. 1911 साली, एकोणिसाव्या वर्षी, तो पाठीवर ओझं घेऊन स्वित्झर्लंडचे डोंगर चालला. कादंबरीतले डोंगर तिथून आले. नकाशा आधी ठेवून त्याने गोष्ट त्यात बसवली, आणि चंद्राच्या कला तारखांशी जुळाव्यात म्हणून लिहिलेलं पुन्हा दुरुस्त केलं. मीही प्रवास लिहिताना शेजारी कालनिर्णय ठेवतो. अमावास्येच्या रात्री चांदणं पडलेलं मी किती वह्यांत खोडलंय!

पहिल्याच प्रकरणात हजार वर्षांचा इतिहास सांगू नका. टोल्किननं राजवंशावळी शेवटच्या खंडाच्या परिशिष्टांत टाकल्या.

भविष्यवाणी आणि अनाथ राजपुत्र एकत्र आणू नका. कंटाळा येतो.

आणि पहिलं प्रकरण लिहायच्या आधी सात भाग जाहीर करू नका, रोज एक प्रकरण मोबाईलवर टाकायची घाईही नको. डिसेंबर 1937 मध्ये सुरू केलेली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ टोल्किननं 1954-55 मध्ये छापलेली पाहिली. मधल्या काळात तो मित्रांना प्रकरणं वाचून दाखवायचा. मोठ्यानं वाचताना जीभ जिथं अडते, तिथं मी पेन्सिलीनं रेघ मारतो आणि घरी जाऊन आधी तेवढंच दुरुस्त करतो.

रंकाळ्यावर येताना वही आणा, छापून आणू नका. छापलेल्या पानावर खोडायला पोरांचा हात धजत नाही.