तुरीवरचा पिसारी पतंग डोळ्यांनीच शोधा

कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) पतंग येत नाहीत म्हणून बरेच शेतकरी निर्धास्त राहतात. पण तुरीत आपण लावतो ते सापळे घाटे अळी या शेंगा पोखरणाऱ्या दुसऱ्या किडीच्या पतंगासाठी असतात. पिसारी पतंग त्या गंधाला येतच नाही. नोव्हेंबर ते जानेवारी, म्हणजे तूर फुलोऱ्यात आणि शेंगा भरण्याच्या अवस्थेत असताना, त्याला झाडावरच शोधावं लागतं.

ओळीतून चालताना फांद्या हलक्या हाताने हलवा. डासापेक्षा थोडा मोठा, भुरकट करडा, लांब पायांचा पतंग उडून लगेच जवळच बसेल. बसल्यावर पंख शरीराला काटकोनात दोन्हीकडे ताणलेले असतात, त्यामुळे तो इंग्रजी टी अक्षरासारखा दिसतो. नीट पाहिलं तर पुढचा पंख दोन भागांत आणि मागचा तीन भागांत चिरलेला, कडेला पिसासारखी झालर. एवढं दिसलं की ओळख पक्की.

मादी कळ्या, फुलं आणि कोवळ्या शेंगांवर एकेक अंडं घालते. अळी जेमतेम अर्धा इंच, हिरवट तपकिरी. अंगावर बारीक केस आणि काटे. लहानपणी ती कळ्या-फुलं पोखरते, पुढे शेंगेला छिद्र पाडून बाहेर राहूनच दाणे खाते. घाटे अळी आकाराने बरीच मोठी, तिचं छिद्रही मोठं. शेंगमाशीची अळी पांढरी, बिनपायाची आणि शेंगेच्या आत असते. बाहेरून शेंग चांगलीच दिसते. पिसारी पतंगाचा कोषही केसाळ, अळीसारखाच दिसणारा आणि शेंगेलाच चिकटलेला असतो. ‘अळी हलत नाही, मेली असेल’ असं समजून तो सोडू नका.

आठवड्यातून एकदा शेताच्या वेगवेगळ्या भागांतली दहा झाडं पाहा. झाडाखाली पांढरं कापड धरून फांद्या झटकल्या की मोजणी सोपी जाते. दहा झाडांवर मिळून पाच अळ्या सापडल्या तर थांबू नका. कळ्या-फुलांच्या सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. अळ्या त्या पातळीपुढे गेल्या तर इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के हे कीटकनाशक, १० लिटर पाण्यात ४.४ ग्रॅम. फुलांवर मधमाश्या असतात, म्हणून ही फवारणी संध्याकाळीच करा. तूर डोक्याइतकी वाढलेली असेल तर फवारा तोंडावर येतो. मास्क, चष्मा, हातमोजे घाला आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका.