तंबाखू सोडताना या चुका टाळा

तंबाखू सोडायला मुहूर्त लागतोच: गुढीपाडवा, आषाढी एकादशी, नाहीतर मुलाचा वाढदिवस. मुहूर्ताला माझी हरकत नाही. पण शपथ घेतली तरी चंची कपाटात राहते, "लागलीच तर असू दे" म्हणून. तलफ जोरात येते, पण सहसा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात पुडी हाताशी नसणं हीच अर्धी लढाई आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे खाणाऱ्याला बरोबर ठाऊक असतं. म्हणून त्या टपरीवरून जायचा रस्ताही थोडे दिवस बदला.

सगळा भार मनाच्या निर्धारावर टाकून दिवस मात्र पूर्वीसारखाच काढणं, ही फार जणांची चूक. चहा संपला की तळहात आपोआप पुढे येतो, चुना मळायला. आधी चार-पाच दिवस फक्त लिहून काढा: कधी खाल्ली, कोणासोबत, कशानंतर. बहुतेकांच्या यादीत चहा, जेवण, गाडी चालवणं आणि ठरावीक दोन मित्र निघतात. मग एकेका वेळेचा बंदोबस्त करा. चहानंतर लगेच चूळ भरून तोंडात लवंग किंवा बडीशेप टाका. मित्रांना सरळ सांगा, "मला विचारू नकोस." गावाकडे हे सांगणं जड जातं, कारण तंबाखू पुढे करणं हा मानाचा भाग असतो. तरी सांगावंच लागतं.

"तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही." हे वाक्य खोटं नाही, म्हणूनच ते घातक आहे. निकोटीन आतड्यांना चालना देतं. ते बंद झालं की बद्धकोष्ठता होते आणि माणूस चौथ्या दिवशी पुन्हा बार भरतो. चिडचिड, झोपमोड, लक्ष न लागणं हेही पहिल्या आठवड्यात असतंच. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण, पुढच्या काही आठवड्यांत त्रास उतरत जातो. पोटासाठी सकाळी कोमट पाणी, पालेभाज्या, रात्री इसबगोल आणि थोडं चालणं पुरतं.

तंबाखू सोडून सुपारी धरणाऱ्यांना वाटतं, आपण सुटलो. नुसत्या सुपारीनेही तोंड आखडत जातं आणि कर्करोग होऊ शकतो. खर्रा-मावा तर दोन्हींची मिसळ. आणि मशेरी? ती "दात घासायची" म्हणून अनेक घरांत व्यसनात धरतच नाहीत. भाजली तरी ती तंबाखूच.

निकोटीनचं च्युइंगम घेणारे ते साध्या च्युइंगमसारखं चघळत राहतात, मग उचकी लागते, मळमळतं आणि "मला सोसत नाही" म्हणून डबी कोपऱ्यात पडते. सावकाश चावायचं, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं ते तोंडात घेऊ नका, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. गरोदर असाल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

एकवीस दिवसांत सवय सुटते, हे डोक्यातून काढा. लंडनच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८, तर कोणाचा अंदाज २५४ वर गेला. तोही नवी सवय लावण्याचा हिशेब, जुनी सोडण्याचा नव्हे. तेव्हा लग्नाच्या पंगतीनंतर एकदा खाल्ली, तर "आता मोडलंच" म्हणत पूर्ण पुडी संपवू नका. उरलेली तिथेच टाका. घरच्यांनीही "बघू किती टिकतंय" हा टोमणा गिळावा.

एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात. मात्र तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत जखम भरत नसेल, किंवा उभी तीन बोटं तोंडात मावत नसतील, तर फोनवर थांबू नका, आधी दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवा.