दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या कंपन्या आणि पलटणींचा इतिहास मराठवाड्यात बसून कसा शोधायचा

एमएची पोरं आणि जुनी नाणी-मेडलं जमवणारी मंडळी मला सारखं विचारू लालेत, की बोअर युद्धातली (इंग्रज आणि डच वंशाचे बोअर यांच्यातलं, 1899 ते 1902) एखादी पलटण किंवा सेसिल ऱ्होड्स या इंग्रज भांडवलदाराची कंपनी यावर काम करायचं तर सुरुवात कुठून करावी, विद्यापीठाच्या लायब्ररीत तर काही भेटत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. त्या भागात कंपनी आणि फौज हे दोन वेगळे विषय नाहीतच. कंपनीवर लिहिणारा फक्त शेअर आणि नफा बघतो, पलटणीवर लिहिणारा फक्त लढाया बघतो, आणि दोघांच्याही हातून खरी गोष्ट निसटते. ऱ्होड्सची ब्रिटिश साऊथ आफ्रिका कंपनी घ्या. 29 ऑक्टोबर 1889 ला तिला राणीची सनद भेटली, त्याच वर्षी कंपनीनं स्वतःचे पोलिस उभे केले, आणि 1890 ला पायोनियर कॉलम, म्हणजे वस्ती करायला निघालेला हत्यारबंद जथा, माशोनालँडात (आजच्या झिम्बाब्वेचा भाग) घुसवला. त्या कॉलममधल्या प्रत्येकाला 3,000 एकर जमीन आणि सोन्याचे 15 क्लेम (खणायच्या हक्काचे तुकडे) द्यायचं कबूल केलं होतं. म्हणजे त्यांचा खरा पगार जमिनीतच होता, आणि ती जमीन कंपनीची नव्हतीच, तिथल्या शोना लोकांची होती.

1893 च्या मॅटाबेले युद्धाचा (कंपनी विरुद्ध तिथले एन्डेबेले लोक, इंग्रज त्यांनाच मॅटाबेले म्हणायचे) करार तर जरूर वाचा, व्हिक्टोरिया अॅग्रीमेंट म्हणतात त्याला, ऑगस्ट 1893 चा. स्वयंसेवकाला 3,000 मॉर्गन म्हणजे सहा हजार एकरांच्या वर जमीन, सोन्याचे 20 क्लेम, आणि लुटीतला निम्मा वाटा कंपनीचा, राहिलेला निम्मा अधिकारी आणि शिपायांत सारखा वाटायचा. हे सगळं लढाई सुरू व्हायच्या आधी कागदावर लिहिलेलं आहे. आपल्याकडं दोन एकराच्या बांधावरून भावाभावांत पिढ्यान् पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात, आणि तिथं एका सहीवर सहा हजार एकर. हा कागद वाचल्याशिवाय शांगानी आणि बेंबेझीच्या लढाया कशासाठी झाल्या ते कळतच नाही, नुसती मॅक्सिम मशिनगनची वर्णनं हाती राहतात.

आता कामाला लागा. एक वही घ्या किंवा एक्सेल उघडा आणि दोन रकाने पाडा, डावीकडं कंपनी, उजवीकडं पलटण, मधी वर्षं. हिऱ्याच्या खाणींच्या किंबर्लीचंच बघा. 1888 ला डी बिअर्स कन्सॉलिडेटेड माइन्स झाली. ऑक्टोबर 1899 ते फेब्रुवारी 1900 किंबर्लीला बोअरांचा वेढा पडला, 124 दिवस. उजव्या रकान्यात टाउन गार्ड, म्हणजे गावातल्याच लोकांची राखणदार तुकडी येते, डावीकडं डी बिअर्सचं वर्कशॉप, जिथं जॉर्ज लॅब्रम नावाच्या इंजिनियरनं वेढ्याच्या काळातच लाँग सेसिल नावाची तोफ बनवली. तो स्वतः पुढं बोअरांच्याच गोळ्यानं गेला. हिऱ्याच्या कंपनीनं तोफ बनवली, ही गोष्ट नुसत्या पलटणीच्या इतिहासात एका ओळीत उरकून जाते. तसंच इंपीरियल लाइट हॉर्स ही घोडदळाची पलटण, 1899 ला उभी केली ती मुख्यतः जोहान्सबर्ग सोडून आलेल्या लोकांतून. सोन्याच्या खाणींच्या शहरातले लोक फौजेत कसे आले हे बघायचं तर दोन्ही रकाने लागतातच.

मग नावं. इथंच बहुतेकांचं सर्च फसतं. आपल्या हैदराबाद कंटिंजंटच्या (निजामाच्या पैशावर चालणारी इंग्रजांची फौज) छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबादला होत्या. जुन्या इंग्रजी कागदात अंबाजोगाई टाकलं तर फारसं हाती लागत नाही, मोमिनाबाद टाकलं की फायली निघतात. तिकडंही तेच. हरारे नाही, सॅलिसबरी. झिम्बाब्वे नाही, सदर्न ऱ्होडेशिया. कंपनीच्या पोलिसांचं नाव 1896 ला ब्रिटिश साऊथ आफ्रिका पोलिस झालं, मधला कंपनी हा शब्द गळाला, आणि ते नाव थेट 1980 पर्यंत चाललं. म्हणून पलटणीची सगळी नावं वर्षांसकट आधी लिहून काढा, मगच सर्चला बसा.

कुठं बघायचं? घरबसल्या सगळ्यात सोपं म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल, फुकट आहे, स्कॅन केलेल्या फायली दिसतात. त्यात 1899 ते 1902 ही वर्षं टाकून साऊथ आफ्रिका, रिमाउंट (फौजेला पुरवलेले घोडे), फॉलोअर (फौजेबरोबरचे बिनलढाऊ नोकर) असे शब्द इंग्रजीत शोधा. लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजचा कॅटलॉगही फुकट बघता येतो. तिथं डब्ल्यूओ 100 म्हणजे मेडलच्या याद्या, डब्ल्यूओ 126 आणि 127 म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या स्थानिक तुकड्यांचे भरतीचे फॉर्म आणि हजेरीची नावं, आणि सीओ 417 म्हणजे हाय कमिशनरचा पत्रव्यवहार, कंपनीच्या राज्यकारभाराचं बरंच काही त्यात येतं. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी अभिलेखागाराचा इंडेक्सही ऑनलाइन आहे, त्यात केएबी म्हणजे केपटाउन, टीएबी म्हणजे ट्रान्सवाल, एनएबी म्हणजे नाताळ, हे एवढं लक्षात ठेवलं तरी काम भागतं. झिम्बाब्वेचे कागद हरारेच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, तेही फुकट.

मेडल हातात असंल तर काम लई सोपं होतं. पण आधी सांगतो, पितांबरी, चिंच, राख, काही म्हणजे काही लावू नका. कडेवर बारीक अक्षरं कोरलेली असतात, नंबर, नाव, तुकडी, ती घासून गेली की मेडल मुकं झालं. अंधाऱ्या खोलीत मोबाईलची बॅटरी बाजूनं तिरपी धरा, मेडल थोडं थोडं फिरवत कडेचे फोटो काढा. क्वीन्स साऊथ आफ्रिका मेडल चांदीचं असतं, पण ब्राँझचं निघालं तर जास्तच नीट बघा, कारण ते बिनलढाऊ माणसांना दिलं, आणि त्यात भारतातून नेलेले साईस, भिस्ती, डोलीवाले असे लोक बरेच आहेत. गोऱ्यांच्या युद्धात हिंदी शिपाई लढवायचा नाही असं सरकारचं धोरण होतं, पण घोडे सांभाळायला, पाणी वाहायला हिंदी माणूस पाहिजेच होता. कडेवरच्या नावाचं स्पेलिंग साहेबानं कानाला आलं तसं केलेलं असतं, म्हणून मारुती चार तऱ्हेनं शोधा.

एक मेडल तर कंपनीच्याच नावाचं आहे. मागच्या बाजूला छातीत भाला घुसलेला, अंगावर येणारा सिंह, वर मॅटाबेलेलँड 1893 किंवा ऱ्होडेशिया 1896, आणि खाली चक्क ब्रिटिश साऊथ आफ्रिका कंपनी. दुसऱ्या बाजूला राणी. कंपनी आणि फौज एकच होती हे यापेक्षा स्वच्छ कुठंच दिसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, यादीत नसलेली माणसं. नाताळ इंडियन अॅम्ब्युलन्स कोअर, म्हणजे बोअर युद्धात जखमी वाहणारी हिंदी लोकांची तुकडी म्हटलं, की सगळ्यांना गांधीजी आठवतात, कोलेन्सो आणि स्पिऑन कॉपच्या लढाया आठवतात. गांधीजींनीच लिहिलंय की तुकडीत 1,100 माणसं होती, त्यातले सुमारे 300 मुक्त हिंदी आणि बाकी गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर. मेडल भेटलं ते पुढाऱ्यांना. मग ज्यांनी जखमी खांद्यावर वाहिले त्या गिरमिटियांना शोधायचं कुठं? पलटणीच्या यादीत नाही, उसाच्या मळ्यांच्या आणि कंपन्यांच्या कागदात. 1860 ते 1911 या काळात 1,52,184 लोक गिरमिटावर नाताळला गेले, त्यांच्या जहाजांच्या याद्या शाबूत आहेत, आणि त्यात माणसाचा नंबर, नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव एवढं सगळं येतं. ही जहाजं मद्रास आणि कलकत्त्याहून सुटायची, त्यामुळं मराठी नावं कमी दिसतील, तरी याद्या चाळाच. मळा कुणाचा होता ते शोधा, मग त्या मळ्याचे 1899-1900 चे कागद नाताळच्या इंडेक्समध्ये बघा, एनएबी टाकून.

तसंच 1893 च्या लुटीतल्या जनावरांचं. एन्डेबेले लोकांचे कळप कुणाकडं गेले, हे पलटणीचा अभिमानानं लिहिलेला इतिहास सांगणार नाही. त्यासाठी कंपनीचे अहवाल आणि सीओ 417 मधली पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचा, आणि तुमच्या वहीत तिसरा रकाना पाडा, जमीन आणि जनावरं कुणाची होती त्याचा. गाइडनं नको म्हटलं तरी पाडा.